रूझवेल्ट यांची दगडी पोस्टं

13 ऑक्टोबर 1937 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी एका पोस्टाची कोनशिला बसवायला आले होते. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस पोस्टाच्या पायाभरणीला येतो, हेच मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवल वाटलं. पुढे कळलं की ते नुसते समारंभापुरते आले नव्हते. इमारत कोणत्या धाटणीची असावी, दगड कुठला लावावा, आतल्या भिंतीवर कोणता प्रसंग रंगवावा, या सगळ्यात त्यांनी जातीने लक्ष घातलं होतं. पोकिप्सीचं पोस्ट 1809 सालच्या जुन्या काउंटी (म्हणजे जिल्हा) कोर्टाच्या रूपावर बेतलं गेलं. ते विटांचं न करता आसपासच्या रानातल्या ओबडधोबड दगडाचं करायचं, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी तडीस नेला.

ही डचेस काउंटी त्यांची जन्मभूमी. हडसन नदीच्या काठी हाइड पार्कला त्यांचं वडिलोपार्जित घर. सतराव्या-अठराव्या शतकात इथे आलेल्या डच लोकांनी बांधलेली बुटकी, जाड भिंतींची दगडी घरं त्यांच्या मनात घर करून होती. त्यांच्या काळात बीकन, पोकिप्सी, र्‍हाइनबेक, वॉपिंजर्स फॉल्स, हाइड पार्क आणि शेजारच्या अल्स्टर काउंटीतलं एलेनव्हिल इथे दगडी पोस्टं उभी राहिली. आपल्या इकडच्या मराठी मंडळींना ही गावं परकी नाहीत. पोकिप्सीला आयबीएमचा मोठा कारखाना असल्यामुळे कित्येक मराठी इंजिनिअर या खोऱ्यात आले आणि इथलेच झाले. वॉपिंजर्स फॉल्सच्या हिंदू समाज मंदिरात आरतीला जाणारी कितीतरी कुटुंबं या पोस्टांवरून रोज गाडी हाकतात. त्यांच्यासाठी आणि दूरवरच्या वाचकांसाठीही हे लिहावंसं वाटलं, कारण या इमारतींमागची गोष्ट पोस्टापेक्षा मोठी आहे.

1933च्या मार्चमध्ये रूझवेल्ट सत्तेवर आले तेव्हा महामंदीमुळे दर चार कामगारांपैकी साधारण एक जण बेकार होता. बँकांना टाळी लागली होती. बांधकाम तर जवळपास थांबलंच होतं. गवंडी, सुतार, पाथरवट, नळकाम करणारे, गिलावा करणारे सगळे हातावर हात ठेवून बसलेले. त्या जूनमध्ये सार्वजनिक कामांसाठी 3.3 अब्ज डॉलरची तरतूद झाली. धरणं आणि पूल त्यातून झालेच, पण त्यांना वेळ लागतो. पोस्ट लवकर उभं राहतं. जागा थोडी लागते, नकाशे तयार असतात, आणि प्रत्येक गावाला ते हवंच असतं. शिवाय प्रत्येक खासदारालाही आपल्या मतदारसंघात एखादं हवं असतं, हेही खरं. तीसच्या दशकात अशी हजाराहून अधिक पोस्टं बांधली गेली.

तेव्हा पोस्टाच्या इमारती टपाल खात्याच्या नव्हे, तर अर्थखात्याच्या अखत्यारीत बांधल्या जात. अर्थखात्याचे मुख्य वास्तुविशारद लुई सायमन यांच्या कचेरीने काही ठरावीक आराखडे करून ठेवले होते आणि तेच थोड्याफार फरकाने देशभर वापरले गेले. लाल विटा, समोर पाच भाग, मधोमध दार, दाराशी चार-सहा दगडी पायऱ्या, छपरावर छोटा मनोरा, दारावर गरुड. कॅलिफोर्निया-न्यू मेक्सिकोकडे हेच पोस्ट कौलारू होतं. खांबांवरची नक्षी आणि कोरीव कमानी पैशांअभावी गळाल्या. राहिली ती प्रमाणबद्धता. मला हा साधेपणा आवडतो. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे नीट कळणाऱ्या माणसांचं ते काम आहे. हात आखडता घ्यावा लागला, पण जाड भिंत, संगमरवरी पट्टी आणि पितळी जाळी यांत त्यांनी काटकसर केली नाही. कोनशिलेवर नावंही बहुधा तीच सापडतात: अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ ज्युनियर, पोस्टमास्तर जनरल जेम्स फार्ली, लुई सायमन, आणि खाली साल.

आत शिरल्यावर लॉबी. अशा पोस्टांची लॉबी लांबट आणि अरुंद असते, एका टोकाला पोस्टमास्तरांच्या खोलीचं दार. बाहेरच्या दाराशी आतून लाकडी चौकटीचा एक काचेचा आडोसा असतो, थंडीत वारं आत येऊ नये म्हणून. जमिनीला टेराझो, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेली रंगीत खडीची फरशी. कमरेपर्यंत संगमरवर. एका भिंतीला पितळी दारांच्या छोट्या पेट्या, प्रत्येकीवर क्रमांक. उभ्याने लिहायला उंच टेबल. खिडक्यांच्या पलीकडे, जिथे टपालाची वर्गवारी चाले तिथे, छताजवळ एक अरुंद बंदिस्त बोळ असायचा. त्याला बारीक फटी. टपाल खात्याचे निरीक्षक वेगळ्या दाराने आत शिरून त्या फटींतून कारकुनांवर नजर ठेवत, कारण लोक पाकिटातून नोटा पाठवत. कारकुनाला वर कोणी आहे की नाही हे कधीच कळत नसे. एवढ्या देखण्या इमारतीत ही अविश्वासाची जागाही आराखड्यातच आखलेली असे.

बचतखात्याची खिडकीही इथेच. हजारो बँका बुडाल्यावर लोकांनी उरलीसुरली पुंजी पोस्टात आणून ठेवली. माणशी 2500 डॉलरची मर्यादा, व्याज 2 टक्के. तरी 1933 पर्यंत ठेवी 1 अब्ज डॉलरच्या पुढे गेल्या होत्या. पोस्टाच्या पासबुकावर भरवसा टाकणारी आजी ज्यांच्या घरात होती, त्यांना या रांगा डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. गावातली बँक बुडाली तरी सरकार बुडणार नाही, हा विश्वास त्या जाड भिंती बघूनच येत असणार.

आता चित्रांकडे येते, कारण मला या पोस्टांचं वेड लागलं ते चित्रांमुळे.

1933च्या मे महिन्यात जॉर्ज बिडल नावाच्या चित्रकाराने रूझवेल्टना पत्र लिहिलं. दोघे शाळासोबती. मेक्सिकोत सरकारने चित्रकारांना नळकाम करणाऱ्याच्या मजुरीवर सरकारी इमारतींच्या भिंती रंगवायला दिल्या आणि त्यातून केवढी मोठी कला उभी राहिली, ते आपल्याकडेही व्हावं, असा त्याचा आशय. त्या हिवाळ्यात आधी एक तात्पुरती योजना झाली. मग ऑक्टोबर 1934 मध्ये अर्थखात्यात चित्र-शिल्प विभाग सुरू झाला. प्रमुख एडवर्ड ब्रूस. ब्रूस वकील, व्यापारी आणि चित्रकार असं तिन्ही होते. इमारतीच्या खर्चातला साधारण 1 टक्का कलेसाठी राखायचा, असं ठरलं. 1943 मध्ये विभाग बंद होईपर्यंत हजाराहून अधिक गावांत 1400च्या आसपास चित्रं आणि शिल्पं लागली.

या चित्रांना लोक सरसकट डब्ल्यूपीएची चित्रं म्हणतात, अगदी माहितीफलकांवरही. तो मोठा गैरसमज आहे आणि दुरुस्त करायलाच हवा. डब्ल्यूपीए ही बेकारांसाठीची योजना; तिथे चित्रकाराला आपली गरिबी सिद्ध करावी लागे आणि मग आठवड्याचा पगार मिळे. पोस्टातली चित्रं मात्र स्पर्धेतून दिली जात. चित्रकाराने नाव न घालता आराखडा पाठवायचा, परीक्षकांनी फक्त चित्र बघायचं, नावाचं पाकीट निवड झाल्यावर उघडायचं. हरलेल्यांतल्या चांगल्यांनाही दुसऱ्या एखाद्या गावाचं काम मिळे. या पद्धतीमुळे दीडशेहून अधिक स्त्री-चित्रकारांना कामं मिळाली, आणि तो काळ लक्षात घेता हे फार मोठं आहे. कृष्णवर्णीय चित्रकार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि हा डाग पुसता येत नाही.

काम मिळालं की आधी छोटं रंगीत चित्र मंजूर व्हायचं, मग प्रत्यक्ष मापाचं रेखाटन, शेवटी मूळ चित्र. प्रत्येक टप्प्याला थोडे थोडे पैसे. बहुतेक चित्रं भिंतीवर रंगवलेलीच नाहीत. चित्रकार आपल्या स्टुडिओत कॅनव्हासवर तैलरंगात चित्र काढे, ते गुंडाळून आगगाडीने गावी नेई, आणि पांढरं शिसं आणि व्हार्निशचा लेप देऊन भिंतीला चिकटवी. जागाही ठरलेली: पोस्टमास्तरांच्या दारावरची पट्टी. पुष्कळ चित्रांच्या खालच्या कडेला मधोमध दाराच्या चौकटीची खाच दिसते. ती खाच चुकवून रचना जमवणं ही परीक्षाच. माणसं दोन्ही बाजूंना उभी करायची आणि मधे डोंगर, आकाश किंवा झाड ठेवायचं, हा बऱ्याच जणांनी काढलेला तोडगा.

विभागाचं चित्रकारांना सांगणं असे, की आधी गावी जा, लोकांशी बोला. आयोवातल्या एम्स गावी मक्याशिवाय दुसरा विषय निघणं अवघड. लोवेल हाउझर या चित्रकाराने 1938 मध्ये तिथे मक्याची उत्क्रांती रंगवली: एका बाजूला माया संस्कृतीतला मका पिकवणारा, दुसऱ्या बाजूला आयोवाचा शेतकरी. त्या एका भिंतीवर शेतकऱ्याला त्याच्या धान्याची हजारो वर्षांची कुळकथा मिळाली. ओक्लाहोमातल्या अनाडार्को गावी कायोवा जमातीच्या स्टीफन मोपोप यांनी आपल्या दोन सोबत्यांना घेऊन स्वतःच्याच लोकांची 16 चित्रं रंगवली. मुक्काम हलवणारे घोडे, सपाट रंग, एकेरी रेषा. गोऱ्या चित्रकारांनी रंगवलेले मूळनिवासी शेकडो पोस्टांत आहेत, पण अनाडार्कोची चित्रं पाहिली की बाकीच्यांतलं उसनेपण लगेच कळतं.

आणि लोकांनाही ते कळत होतं. ओक्लाहोमातल्याच वॉटोंगा गावी 1941 मध्ये ईडिथ मेहियर या चित्रकर्तीने शायेन या मूळनिवासी जमातीचा प्रमुख रोमन नोज आणि त्याचं कुटुंब रंगवलं. शायेनांचे प्रमुख रेड बर्ड आपली माणसं घेऊन निषेधाला उभे राहिले. यातले लोक शायेन वाटतच नाहीत, नाव्हाहो या दुसऱ्याच जमातीचे वाटतात, कपडे चुकलेत, आणि मूल तर डुकराच्या पिलासारखं दिसतं, हे त्यांचं म्हणणं. मला ही हकिगत फार मोलाची वाटते. ज्यांच्या जमिनी सरकारने हिरावून घेतल्या, त्यांच्यातला एक वडीलधारा माणूस सरकारी भिंतीसमोर उभा राहून ठणकावतो, की आमचं चित्र काढायचं तर नीट काढा. संग्रहालयात लावलेल्या चित्रासमोर असा माणूस उभा राहिला नसता. पोस्टात त्याला जावंच लागत होतं.

मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टला भांडण वेगळं. तिथे एलिझाबेथ ट्रेसी यांनी समुद्रस्नानाला आलेली माणसं रंगवली. जहाजबांधणीचा वारसा सांगणाऱ्या गावाला पोस्टात उघडी अंगं नको होती. अखेर 1945 मध्ये चित्र उतरलं आणि लोकांनी स्वतः पैसे उभे करून त्या जागी जहाजांचं चित्र लावलं. मला ट्रेसींबद्दल वाईट वाटतं. तरीही वर्गणी काढून दुसरं चित्र लावणारं गाव त्या पोस्टाला आपलं मानत होतं, हे नाकारता येत नाही.

ब्राँक्सच्या मोठ्या पोस्टात बेन शान आणि बर्नार्डा ब्रायसन या जोडप्याने 13 फलकांत कापूस वेचणारे, गिरणीतले, गव्हाच्या शेतातले, लोखंड वितळवणारे कामगार रंगवले. एका फलकात कवी वॉल्ट व्हिटमन कामकऱ्यांसमोर उभा राहून त्यांना काही सांगतो आहे आणि फळ्यावर त्याच्या ओळी आहेत. आधी निवडलेल्या ओळींत कविता, धर्मपीठं, कला सगळं नव्याने घडवायची भाषा होती. एका जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) प्राध्यापकाने त्याला धर्मविरोधी ठरवलं, आणि शान यांनी व्हिटमनच्याच दुसऱ्या ओळी घातल्या. वॉशिंग्टनमधल्या टपाल खात्याच्या मुख्यालयात तर रॉकवेल केंट यांनी अलास्काहून पोर्तो रिकोला गेलेलं पत्र रंगवलं, आणि त्या पत्रावर अलास्कातल्या मूळनिवासींच्या बोलीत बारीक अक्षरांत लिहिलं, की आपण सत्ताधीश बदलू या, तरच आपण समान आणि स्वतंत्र होऊ. वाचता येणारा माणूस शोधावा लागला. ध्रुवप्रदेशाचे संशोधक स्टेफान्सन यांनी अर्थ सांगितला आणि 1937 मध्ये मोठा गहजब झाला.

एक उणीव मात्र खटकते. मंदी त्या भिंतींवर जवळजवळ नाहीच. ज्या वर्षांत लोक पावासाठी रांगा लावत होते, त्या वर्षांत चित्रांत मात्र भरघोस पिकं, पहिले वसाहतवाले, टपाल घेऊन दौडणारे घोडे. विभागाला वाद नको होते, हे उघड आहे. दक्षिणेतल्या गावांत कापूस वेचणारे कृष्णवर्णीय मजूर हसतमुख रंगवले गेले, त्यांच्यावरचा जाच कुठे दिसू दिला नाही. पण बेकार झालेल्या शेतकऱ्याला पोस्टात रोज स्वतःचं दैन्यच बघायला लावायचं का, हाही प्रश्न आहेच, आणि मी त्याचं उत्तर त्या काळच्या माणसावर सोडते. 3 सेंटचं तिकीट घ्यायला आलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर, तिने न मागता, एका चांगल्या चित्रकाराचं काम ठेवलं गेलं. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

पुन्हा आमच्या खोऱ्यात येते. र्‍हाइनबेकचं पोस्ट 1700 सालच्या किप-बीकमन घराच्या रूपावर बांधलं. मूळ घर 1910 मध्ये जळालं होतं. त्याच्या पडक्या भिंतींचे दगड पोस्टाच्या दर्शनी भागात वापरले. 1 मे 1939 रोजी डेन्मार्कचे युवराज फ्रेडरिक आणि युवराज्ञी इंग्रिड समारंभाला होते. रूझवेल्ट तेव्हा म्हणाले, की क्षणाच्या लहरीमागे न जाता सर्वकाळ चांगलं ठरेल असं बांधावं, जागेच्या इतिहासाशी जुळवून घ्यावं, आणि शक्यतो तिथलंच सामान वापरावं. आतली चित्रं ऑलिन डाउस यांची. ते र्‍हाइनबेकचेच, रूझवेल्टांच्या परिचयातले. हाइड पार्कच्या पोस्टातली चित्रंही त्यांचीच, गावाचा सगळा इतिहास लॉबीच्या भिंतींवरून फिरत जातो. त्यात गावच्या नव्या शाळेचं काम पाहायला आलेले रूझवेल्टही आहेत, मोटारीत बसलेले. पोलिओमुळे त्यांना आधाराशिवाय उभं राहता येत नसे. मोटारीत ते निवांत दिसतात.

पोकिप्सीला गेराल्ड फॉस्टर यांनी 1788चा प्रसंग रंगवला. न्यूयॉर्क राज्याने अमेरिकेची राज्यघटना याच गावात मान्य केली, फार थोड्या मतांनी, फार मोठ्या वादानंतर. जॉर्जिना क्लिटगार्ड यांचं 1840च्या सुमाराचं पोकिप्सी आणि चार्ल्स रोझेन यांचं त्यांच्या काळातलं पोकिप्सी, अशी दोन विस्तीर्ण दृश्यंही तिथेच आहेत. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला मी तिथे घेऊन गेले. तिला राज्यघटनेत रस नव्हता. रोझेन यांच्या चित्रातला नदीवरचा पूल तिने आदल्या दिवशी चालून पार केला होता, तो तिने बरोब्बर ओळखला. मग क्लिटगार्ड यांच्या चित्रात तीच नदी पुलाविना शोधून काढली आणि मला विचारलं, "मग ही माणसं पलीकडे जायची कशी?" आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना मी तिचा प्रश्न सांगितला. ते होडीबद्दल बोलायला लागले ते त्यांचा नंबर येईपर्यंत.

हे सगळं आज विकायला निघतं तेव्हा राग येतो. 1971 पासून टपाल सेवा स्वतंत्र महामंडळासारखी चालते, तिला आपला खर्च आपण भागवायचा असतो. त्यात 2006च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्यखर्चाचे पैसे आगाऊ भरण्याचा बोजा पडला. तो 2022 मध्ये उतरला, पण तोवर बरीच पोस्टं हातची गेली होती. कॅलिफोर्नियातलं व्हेनिसचं पोस्ट 2012 मध्ये खासगी मालकाकडे गेलं, ब्राँक्सचं 2014 मध्ये विकलं. चित्रं विकली जात नाहीत, ती टपाल सेवेच्याच मालकीची राहतात आणि नव्या मालकाकडे अटींवर ठेवली जातात. ब्राँक्सच्या लॉबीला 2013 मध्ये न्यूयॉर्क शहराने वारसा म्हणून संरक्षणही दिलं. कागदावर सगळं शाबूत आहे. पण पोस्ट उघडं होतं तेव्हा आत शिरायला कोणाची परवानगी लागत नव्हती, तो हक्क विक्रीखतात कुठेच नसतो. वॉपिंजर्स फॉल्सच्या दगडी पोस्टात आता गावाची कचेरी आहे आणि हेन्री बिलिंग्ज यांची धबधब्याची चित्रं तिथेच आहेत. अशा हस्तांतराबद्दल माझी तक्रार नाही, कारण दार सगळ्यांना उघडं राहिलं.

1966च्या वारसा-संरक्षण कायद्यामुळे जुन्या पोस्टाची विक्री ठरली की सल्लामसलत करावी लागते, आणि त्यात गावकऱ्यांना लेखी म्हणणं मांडता येतं. आपली मंडळी अशा बाबतींत मागे राहतात. गावचं जुनं ते गावकऱ्यांचं, आपण पडलो बाहेरचे, असं मी कित्येकांच्या तोंडून ऐकलं आहे. वीस-वीस वर्षं इथे कर भरलेली, मुलांना इथल्या शाळांत घातलेली ही माणसं. तुमच्या गावातलं पोस्ट त्या काळातलं असेल, तर कोनशिला वाचा, पोस्टमास्तरांच्या दारावर बघा, आणि विक्रीची नोटीस लागली तर आपल्या नावा-पत्त्यानिशी लिहा, की इमारत कोणीही घेवो, लॉबी कामाच्या वेळात सगळ्यांना उघडी ठेवण्याची अट विक्रीखतात हवी.